बॅटरी गेली की घालवली? नवी टाकण्याआधी दहा मिनिटांची तपासणी आपल्याकडं का होत नाही

सोलापूर : गळीत हंगाम भरात आला आणि पहाटेची थंडी झोंबायला लागली की आपल्या तालुक्यांत एक वाक्य रोज कानावर पडतं, ‘सेल्फ घेईना.’ मग दोघं-तिघं मिळून ट्रॅक्टरला धक्का मारतात, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवरनं वायरी टाकतात. काही जण तर आदल्या रात्रीच ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवतात. शेवटी मालक तालुक्याच्या गावाला जातो. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती वर्षं झाली?’ ‘दोन-अडीच.’ ‘मग संपली की मालक. नवी टाका.’ जुनी तिथंच ठेवायची, आठ-नऊ हजार मोजायचे आणि संध्याकाळच्या खेपेला परत हजर व्हायचं. या सगळ्यात एक गोष्ट कुणीच केलेली नसते. ती बॅटरी कुणी तपासलेली नसते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-ॲसिड बॅटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. समजा, कराआधी सात हजारांची बॅटरी असेल, तर पूर्वी ती ८,९६० ला पडायची, आता ८,२६० ला पडेल. म्हणजे सातशे रुपये वाचले. त्याच्या बातम्या झाल्या, दुकानांवर बोर्ड लागले. पण जी बॅटरी बदलायची गरजच नव्हती ती बदलली, तर नुकसान सातशेचं नाही, पूर्ण ८,२६० चं आहे. आणि ते नुकसान कुठल्या बातमीत येत नाही, कारण ज्याचं झालं त्यालाही ते झाल्याचं कळत नाही.

आमच्या घरचंच उदाहरण सांगतो. दोन हिवाळ्यांपूर्वी ट्रॅक्टर असाच अडला. दुकानदारानं बॅटरीकडं नुसतं बघितलं आणि ‘प्लेटा गेल्यात’ म्हणाला. नवी टाकली. चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी परत ‘टक्’ आवाज आणि शांतता. मग गावातल्या एका जुन्या वायरमननं बॅटरीला हातसुद्धा न लावता खाली वाकून अर्थिंगची पट्टी सोडली. बोल्टाखाली गंज आणि वरून मारलेला रंग. पॉलिश पेपरनं जागा घासली, बोल्ट आवळला, ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला सुरू. जुनी बॅटरी तोवर एक्सचेंजमध्ये गेली होती. ती चांगली होती की वाईट, हे आता कधीच कळणार नाही.

उन्हाळ्यात खराब होते, थंडीत कळते

बॅटरी थंडीनं मरते असा आपल्याकडं समज आहे. तो अर्धाच खरा. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि बॉनेटच्या आत त्याहून किती तरी जास्त. बॅटरीच्या आत शिशाच्या जाळ्या असतात, त्या या उष्णतेनं झपाट्यानं झिजतात, पाणी उडून जातं, प्लेटांचा वरचा भाग उघडा पडतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. म्हणजे नुकसान मे महिन्यात होऊन गेलेलं असतं. डिसेंबरात फक्त ते उघडं पडतं. थंडीत बॅटरीची ताकद थोडी घटते, त्याच वेळी इंजिनमधलं ऑइल घट्ट झाल्यानं ते फिरवायला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात कशीबशी निभावलेली बॅटरी तिथं मान टाकते.

दुसरं कारण आपण स्वतः तयार केलंय. कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर नंबरला उभे असतात, कधी चार तास, कधी रात्रभर. इंजिन बंद. पण ॲम्प्लिफायर चालू, रंगीत लायटी चालू, छोटा पंखा चालू, मोबाइल चार्जिंगला. हे सगळं मिळून दहा अँपिअर ओढत असेल, तर पाच तासांत पन्नास अँपिअर-तास गेले. ट्रॅक्टरला सर्रास असणारी ८८ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी. गाडीची बॅटरी अशा कामासाठी बनवलेलीच नसते. तिच्या प्लेटा पातळ असतात. सेल्फ मारताना काही सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि अल्टरनेटरनं (आपण अजून त्याला डायनमोच म्हणतो) ती लगेच परत भरायची, एवढंच तिचं काम. तासन्‌तास सावकाश रिकामी व्हायचं काम घरच्या इन्व्हर्टरच्या जाड प्लेटांच्या बॅटरीचं.

शिवाय अर्धी रिकामी बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो. ‘बॅटरी चार्जच धरत नाही’ म्हणतात ती अवस्था हीच. हंगाम संपल्यावर दोन-तीन महिने शेडमध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचंही हेच होतं. गाणी ऐकू नका असं म्हणणं नाही, रात्रभर जागणाऱ्या ड्रायव्हरला ती लागतातच. पण तासा-दीड तासानं आवाज बंद करून बॅटरीला विसावा द्या, नाहीतर गाण्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवा. ती स्वस्त पडते.

मीटर काय सांगतो

साधा डिजिटल मल्टीमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. गावात पंपाचं काम करणाऱ्या कुठल्याही वायरमनकडं तो असतो. डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर सकाळी सेल्फ मारायच्या आधी वाचन घ्यायचं. नुकताच चालून आलेला ट्रॅक्टर असेल, तर प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर खोटं दाखवतो. तेव्हा दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करायची, थोडं थांबायचं आणि मग बघायचं.

१२.६ किंवा त्याच्या वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या आसपास म्हणजे जेमतेम पाव. इथं बहुतेकांची चूक होते. बॅटरीला ‘बारा व्होल्टची’ म्हणतात, म्हणून मीटरवर बारा दिसले की ती ठीक आहे असं वाटतं. ती ठीक नसते, जवळजवळ रिकामी असते. पण रिकामी म्हणजे मेलेली नव्हे, हेही तितकंच खरं. रिकामी बॅटरी चार्जिंगला लावून भरून मगच तिची परीक्षा घ्यायची. उपाशी माणसाला पळायला लावून ‘हा आजारी आहे’ म्हणण्यात अर्थ नाही, आणि दुकानांत नेमकं तेच चालतं.

भरलेली बॅटरी सेल्फ मारताना किती खाली जाते, ही पुढची परीक्षा. गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ बंद, इंजिन बंद करायची दांडी ओढून धरलेली, म्हणजे ट्रॅक्टर सुरू होणार नाही, नुसता फिरेल. एकानं सीटवर बसून सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं मीटर बघायचा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. आकडा साधारण ९.६ च्या वर टिकला तर बॅटरीत दम आहे. भरलेली असूनही झटकन आठ-नऊवर कोसळली तर संशय बॅटरीवर घ्या. आणि आकडा अकराच्या पुढं राहतोय, तरी सेल्फ नुसता ‘टक्’ करतोय, तर बॅटरीला दोष देऊ नका. अडचण वायर, अर्थिंग, सोलेनॉइड किंवा सेल्फमध्येच आहे.

आमचे आठ हजार वाचवणारी तपासणी याच वेळी होते. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनस टर्मिनलच्या खांबावर, दुसरी इंजिनच्या घासलेल्या लोखंडावर ठेवा आणि सेल्फ मारा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर अर्थिंग खराब. खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये हीच तपासणी केली, तर तिथला गंजही पकडता येतो.

शेवटी इंजिन चालू करून थोडी रेस द्या. बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेतेराच्या खालीच राहत असेल तर अल्टरनेटर भरत नाही. बेल्ट ढिला आहे का, आधी तो बघा. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळतोय. अशा गाडीला नवी बॅटरी टाकली तर तीही काही महिन्यांत उकळून मरणार, आणि वॉरंटीसाठी भांडण होणार. ‘कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही’ या तक्रारीत अशा किती गाड्या असतील याचा अंदाज कुणी करावा.

झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर मीटरपेक्षाही खरं बोलतो. काचेची ती पिचकारी प्रत्येक सेलमधलं थोडं ॲसिड ओढून त्याची घनता दाखवते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असते. नेमका आकडा बॅटरीच्या कार्डावर असतो. सहाही सेल सारखेच कमी असतील तर बॅटरी नुसती उतरलेली आहे, चार्ज करा. पाच सेल १.२४० आणि एकच १.१८० असेल, तर तो सेल गेला. भरलेल्या बॅटरीत सेलांमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक दिसला की पैसे खर्च करायची वेळ आली असं समजायला हरकत नाही. मात्र पाणी टाकल्या-टाकल्या हे वाचन घेऊ नका. पाणी मिसळेपर्यंत ते चुकीचंच येतं. बंद बॅटरीवर जो हिरवा डोळा असतो, तो एकाच सेलचा हाल सांगतो, बाकीच्या पाचांचं त्याला काही माहीत नसतं.

बोअरचं पाणी नको

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडं अजब हिंमत आहे. बोअरचं, नळाचं, जारचं, जे हाताशी असेल ते. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि लोह प्लेटांना खातात. आरओचं पाणी पिण्यासाठी ठीक, त्यातही थोडे क्षार उरतातच. बॅटरीला फक्त डिस्टिल्ड वॉटर. त्याची बाटली दोन जणांच्या चहा-भज्यांच्या पैशात येते. पाणी प्लेटांच्या वर साधारण एक ते दीड सेंटिमीटर, किंवा डब्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये. काठोकाठ भरलं की चार्जिंगच्या वेळी ॲसिड बाहेर येतं आणि ट्रे गंजवतं. पाणी टाकायचं ते बॅटरी भरल्यानंतर. प्लेटा उघड्याच पडल्या असतील तर आधी त्या बुडण्यापुरतं टाका, चार्ज करा, मग बाकीचं.

आणि ॲसिड कधीही टाकू नका. सेलमधून उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. ‘ॲसिड बदलून देतो, नव्यासारखी होईल’ म्हणणारे बाजारात आहेत. जुनं ओतून नवं कडक ॲसिड भरलं की हायड्रोमीटर छान आकडा दाखवतो, बॅटरी महिनाभर उसळते आणि मग कायमची बसते. ओतलेलं जुनं ॲसिड गटारात किंवा ओढ्यात जातं ते वेगळंच.

सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुरानंतर ज्यांचे ट्रॅक्टर पाण्यात होते, त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. बॅटरीच्या झाकणांवरून गाळाचं पाणी गेलं असेल, तर ते हवेच्या भोकांतून आत शिरलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी बॅटरी धुऊन-पुसून चार्जिंगला लावण्यात शहाणपण नाही, बदलणंच बरं. पाणी निम्म्या डब्यापर्यंतच आलं असेल, तर बाहेरून स्वच्छ करून, वरच्या सगळ्या तपासण्या करून ठरवा. पण त्याआधी सेल्फ आणि अल्टरनेटर सोडून त्यांतला गाळ काढून घ्या. बॅटरी चांगली आणि अल्टरनेटरमध्ये चिखल, अशा अवस्थेत ट्रॅक्टर चालवला तर महिन्या-दोन महिन्यांत बॅटरीवरच बिल फाटणार.

डोळे आणि जीव

पैशांचं नुकसान भरून येतं. डोळ्याचं येत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी एका ठिणगीनं पेटतो, आणि पेटला की डबा फुटून ॲसिड तोंडावर येतं. तरीही बॅटरीत पाणी किती आहे ते बघायला काडी पेटवणारे लोक आहेत. खिशातल्या मोबाइलला टॉर्च असताना! बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नाही, आणि दोन टर्मिनल वायरनं ‘घासून’ ठिणगीवरनं चार्ज ओळखायची पद्धत तर ताबडतोब बंद व्हायला हवी. ती तपासणी नाही, जुगार आहे. बंद खोलीत, कडब्याच्या गंजीशेजारी चार्जर लावू नका. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा ठेवा, म्हणजे ८८ च्या बॅटरीला आठ-नऊ अँपिअर. तासाभरात ‘फास्ट चार्ज’ करून देणारा बॅटरीचं आयुष्य कापून देतो. चार्जरच्या चिमट्या लावताना-काढताना चार्जर बंद असला पाहिजे.

बॅटरी सोडताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस. कारण सरळ आहे. मायनस संपूर्ण गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. ती जोडलेली असताना प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला की शॉर्ट होतो, पाना लाल होतो, कधी टर्मिनलच वितळतं. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवा. साधा प्लॅस्टिकचा चष्मा आणि रबरी हातमोजे फवारणीसाठी घरात असतातच, तेच घाला.

तरीही ॲसिड डोळ्यात गेलंच तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्यानं, पापण्या उघड्या धरून, किमान पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि मग तडक दवाखाना. तूप, दूध, सोडा यातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. खाण्याचा सोडा टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी धुवायला आणि फरशीवर सांडलेलं ॲसिड मारायला चांगला. तोही झाकणं घट्ट लावून, आत एक थेंब जाणार नाही असं बघून. टर्मिनल कोरडं झालं की वरून पेट्रोलियम जेली लावा. ग्रीस क्लॅम्पच्या आत भरू नका.

शेजाऱ्याच्या गाडीवरनं वायरी टाकताना प्लसला प्लस आधी. मग चांगल्या बॅटरीची मायनस आपल्या मेलेल्या बॅटरीवर न लावता, बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडावर. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, ती बॅटरीच्या तोंडावर पडू नये म्हणून. आणि एक चूक यार्डात नेहमी होते, शेजारी ट्रक उभा असतो म्हणून त्याच्यावरनं करंट घेतला जातो. मोठ्या ट्रकला बहुतेक दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. ते बारा व्होल्टच्या ट्रॅक्टरला दिले, तर बॅटरी फुटण्यापासून वायरिंग जळण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

सगळ्यांत जीवघेणी सवय मात्र बॅटरीजवळ नाही, खाली सेल्फजवळ आहे. चावीवर सेल्फ घेईना म्हणून जमिनीवर, मोठ्या चाकाशेजारी उभं राहून सेल्फच्या दोन बोल्टांना पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लावायचा. ट्रॅक्टर गियरमध्ये राहिलेला असेल तर तो सुरू होतानाच पुढं सरकतो आणि लावणारा मागच्या चाकाखाली येतो. क्लच दाबल्याशिवाय किंवा गियर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून जो स्विच दिलेला असतो, तो या पान्यामुळं बाजूलाच पडतो. दहा वर्षं असंच सुरू करणारे ‘काय होत नाय’ म्हणतात. सेल्फ फक्त सीटवर बसून, आणि घेत नसेल तर दुरुस्ती, हाच रस्ता आहे.

जुनी बॅटरी जाते कुठं?

एक्सचेंजला दिलेल्या बॅटरीत वजनाच्या साधारण साठ टक्के शिसं असतं. म्हणजे पंचवीस किलोच्या बॅटरीत पंधरा किलोच्या आसपास. म्हणूनच तिला भाव आहे. दुकानातून ती नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण कारखान्यात गेली तर तिथं शिसं, प्लॅस्टिक, ॲसिड वेगवेगळं काढलं जातं. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून ती भंगारात गेली, तर कुऱ्हाडीनं फोडली जाते, ॲसिड जमिनीत आणि प्लेटा उघड्या भट्टीत. त्या धुरातलं आणि राखेतलं शिसं शेजारच्या मातीत, भांड्यांत, काम करणाऱ्याच्या कपड्यांतून त्याच्या घरात जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण प्रति डेसिलिटर पाच मायक्रोग्रॅमच्या वर असल्याचा अंदाज दिला होता, आणि बॅटऱ्यांचं असं उघड्यावरचं पुनर्चक्रण हे त्याचं एक मोठं कारण म्हटलं होतं. शिशाचं कुठलंही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानलं जात नाही. मेंदूच्या वाढीवर त्याचा जो परिणाम होतो तो नंतर औषधानं पुसता येत नाही.

यासाठी कायदा नाही असं नाही. २००१ पासून नियम आहेत, ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा होऊन त्यांचं नीट पुनर्चक्रण होईल याची जबाबदारी त्यात उत्पादकावर टाकलीय. वापरणाऱ्यानंही जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता गोळा करणाऱ्या किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या यंत्रणेकडंच द्यावी, असं त्यात आहे. पण तालुक्याच्या बाजारात ही साखळी कुठं तुटते ते सगळ्यांना दिसतं. पक्कं बिल नको म्हटलं की बॅटरी थोडी स्वस्त, आणि जुनीचा पत्ता कुणालाच नाही. जीएसटी कमी झाल्यानं बिलाशिवाय घेण्यातला फायदा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. त्यामुळं पक्कं बिल मागा, त्यावर जुन्या बॅटरीचे किती वजा केले ते वेगळं लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. वॉरंटीचे किती महिने फुकट बदलून आणि किती महिने फक्त सवलतीत, हेही तिथंच विचारा, कारण दोन्ही मिळून एकच मोठा आकडा सांगायची पद्धत आहे.

दुकानदारांनाच चोर ठरवायचं कारण नाही. त्यांच्याकडं लोड टेस्टर असतो, वेळ नसतो, आणि गिऱ्हाईकालाही खेप चुकवायची नसते. रिकामी बॅटरी भरून तपासायला एक रात्र लागते. त्या एका रात्रीसाठी भाड्यानं दुसरी बॅटरी देणारं दुकान प्रत्येक तालुक्यात असलं, तर निम्मा प्रश्न सुटेल. पूर्वी अशी ‘चार्जिंगवाली’ दुकानं होती, बॅटरी ठेवून चिठ्ठी घ्यायची आणि बदल्यात दुसरी न्यायची. बंद बॅटऱ्या आल्या आणि ती दुकानं विझली.

कारखान्यांना करता येईल असं कामही आहे. शेकडो ट्रॅक्टर एका जागी, तासन्‌तास रिकामे उभे असतात, अशी दुसरी जागा जिल्ह्यात नाही. आपल्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिकचे ट्रेड आहेत. त्या मुलांना मीटर-हायड्रोमीटर देऊन हंगामाच्या सुरुवातीला आठवडाभर यार्डात बसवलं, तर मुलांचा सराव होईल आणि मालकाला एका चिठ्ठीवर चार आकडे मिळतील : उभ्या गाडीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे, अर्थिंगचे आणि इंजिन चालू असतानाचे. ती चिठ्ठी हातात असलेल्या मालकाला ‘प्लेटा गेल्यात’ म्हणणं दुकानदारालाही जड जाईल. रिफ्लेक्टर लावायची मोहीम यार्डात घेता येते, तशी हीही घेता येईल.

हंगाम आटोपून ट्रॅक्टर शेडमध्ये लावाल तेव्हा बॅटरी पूर्ण भरा, वरून कोरडी पुसा, मायनसची वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा मीटर लावा. १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला. उन्हाळ्यात बॅटरी नुसती उभ्यानंही भराभर उतरते, त्यामुळं मे महिन्यात हे पंधरा दिवसांनी करा, आणि पाण्याची पातळीही तेव्हाच बघून घ्या.